रासायनिक नावं फोडायची कुठे: अर्थावर की उच्चारावर?

शाळामास्तर: नववीच्या प्रयोगात दरवर्षी तेच. आम्लारीत दर्शकाचे दोन थेंब पडतात, द्रावण गुलाबी होतं, पण नाव विचारलं की 'फिनॉप्थलीन', नाहीतर नुसतं 'ते गुलाबीवालं'. 'फिनॉल्फ्थॅलिन'मधला ल-फ-थ हा तिहेरी जोड बघूनच जीभ अडते. माझं ठाम मत आहे, नाव अर्थावर फोडा: फिनॉल + फ्थॅलिन. १८७१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी ते फिनॉल आणि फ्थॅलिक अनहायड्राइडपासूनच बनवलं. म्हणजे नावातच कृती आहे! 'सूर्योदय'चा विग्रह आपण सूर्य + उदय असाच करतो ना?

लोलक: साफ असहमत. विग्रह समजण्यासाठी असतो, बोलताना तुम्हीही 'र्यो' एका दमातच म्हणता. पॅरासिटामॉल घ्या. पॅरा-असिटिल-अमिनो-फिनॉल यातले तुकडे कापून ते जोडलंय. अर्थावर फोडलं तर 'पॅर-असिट-आम-ऑल'. असं कोण म्हणेल? पॅ-रा-सि-टा-मॉल टाळ्यांवर म्हणून घ्या, पाचवीतलं पोरही म्हणतं. आणि तुमच्या फ्थॅलिनमधला फ इंग्रजी बोलणारे बहुतेक गिळतातच. आपण स्पेलिंगचं ओझं मुलांच्या जिभेवर का लादायचं?

शाळामास्तर: फ गिळला की कूळ हरवतं. 'फ्थॅलिक' हा शब्दच नॅफ्थॅलीनचा 'नॅ' गाळून झाला. नॅफ्थॅलीन म्हणजे आपली कपाटातली डांबरगोळी. हे सांगितलं की मुलं नाव विसरत नाहीत, अनुभव आहे.

गोळ्यांचं_दुकान: मी लोलकांच्या बाजूचा. औषधात शेवटाला अर्थ असतो, अटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल या रक्तदाबाच्या गोळ्या एकाच कुटुंबातल्या. पण गिऱ्हाईक 'ती लॉलवाली गोळी द्या' म्हणालं तर मी काय देऊ? शेवटावरून कुटुंब कळतं, गोळी नाही. म्हणून आजी-आजोबांना मी पाकिटावर पेनाने लिहून देतो: मे-टो-प्रो-लॉल. घरी दोनदा वाचा म्हणतो.

शाळामास्तर: मग डीडीटी हे कीटकनाशक फोडून दाखवा. डायक्लोरो-डायफिनिल-ट्रायक्लोरो-इथेन, चार तुकडे. दोन आणि तीन मिळून पाच क्लोरीन, दोन फिनिल, मागे इथेन. तुमच्या रीतीने अकरा तुकडे होतील आणि हाती काहीच लागणार नाही.

लोलक: डीडीटी मान्य. तिथे अर्थाचा प्रत्येक सांधा अक्षराच्या कडेलाच पडतो, दोन्ही फोडी जुळतात. वाद आहे तो सांधा अक्षराच्या पोटात पडतो तिथे. पॅरासिटामॉलच्या 'रा'मध्ये पॅराचा आ आहे आणि असिटिलचा अ पण. तो 'रा' तुम्ही कुठे चिराल, सांगा.