दरवाजा नको, कोपरा धरा

'एज ऑफ एम्पायर्स ४' या व्हिडिओ गेममध्ये किल्ला घेताना सगळे रॅम (भिंती-दरवाजे फोडायचे ओंडके) दरवाजावर घाला आणि पायदळ मागे रांगेत ठेवा, अशी चाल काहीजण सुचवतात, ती मला पटत नाही. या गेममध्ये रॅमवर बाणांचा फारसा परिणाम होत नाही हे खरं, पण आतली शिबंदी बाहेर पडून जवळून तुटून पडली की त्याचा निकाल लागायला वेळ लागत नाही. म्हणून भालाईत मागे नको, रॅमच्या दोन्ही अंगांना हवेत. ट्रेब्युशे (लांबून मोठे दगड फेकणारं यंत्र) मात्र लांबच मांडा. एकदा मांडलं की ते चटकन हलवता येत नाही, त्यामुळे त्याच्यापाशीही पहारा लागतोच.

आणि मारा एकाच कोपऱ्यावर करा. इतिहासातही तसंच झालं. १२१५ साली बंडखोरांनी इंग्लंडमधला रॉचेस्टरचा किल्ला धरला, तेव्हा इंग्लंडचा राजा जॉन याने बालेकिल्ल्याच्या आग्नेय बुरुजाखाली भुयार खणवलं, त्याला लाकडी धीरे दिले आणि ४० डुकरांची चरबी मागवून ते जाळले. बुरुज ढासळला. तरीही बंडखोर हटले नाहीत! बालेकिल्ल्याच्या आतल्या आडव्या भिंतीमागे सरकून ते लढत राहिले, शेवटी उपासमारीने शरण आले. केवढी चिवट माणसं!

तेव्हा खिंडार पडलं म्हणून सगळी फौज एकदम आत लोटू नका. आधी तटावरचे तिरंदाज मँगोनेलने (दगडफेकीच्या छोट्या यंत्राने) साफ करा, मग चिलखती पायदळ पुढे, धनुर्धारी त्यांच्या मागे. घोडदळ बाहेरच ठेवा, रसद तोडायला.