फुटबॉल मॅनेजर: सहाव्या पायरीवर साउथपोर्ट घ्यावा की स्कन्थॉर्प?

डावा विंगर (धागाकर्ता):

दिवाळीच्या सुट्टीत भावाने फुटबॉल मॅनेजर २४ वर, म्हणजे क्लब चालवायच्या कॉम्प्युटर गेमवर, नवा सेव्ह (नवा डाव) सुरू केला. इंग्लंडची नॅशनल लीग नॉर्थ, म्हणजे वरून सहावी पायरी. क्लब घेतला स्कन्थॉर्प युनायटेड. का, तर स्टेडियम मोठं आहे, प्रेक्षक येतात, दोन वर्षांत वर जाता येईल. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. माझं म्हणणं असं की खालच्या डिव्हिजनला खेळायचंच आहे तर वरून घसरलेला मोठा क्लब घेऊच नये.

मी त्याच लीगमधला साउथपोर्ट घेतला. लिव्हरपूलच्या उत्तरेला समुद्रकाठी वसलेलं गाव. १९७८ साली फुटबॉल लीगच्या (तेव्हाच्या वरच्या चार पायऱ्या) क्लबांनी मतदान करून साउथपोर्टला बाहेर काढलं आणि त्यांच्या जागी विगन ॲथलेटिकला घेतलं. मतांवर बाहेर गेलेला हा शेवटचा क्लब. १९८७ पासून खालच्या लीगचा विजेता थेट वर जाऊ लागला आणि मतदानाची ती पद्धतच संपली. विगनने २०१३ मध्ये एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा, जिंकला, साउथपोर्ट मात्र अजून त्या चार पायऱ्यांत परतलेला नाही. हे वाचल्यावर दुसरा क्लब निवडायला मन तयार होईना.

माझे नियम सांगतो. खेळाडू शोधायच्या पानावर जायचंच नाही. स्काउटने (खेळाडू हेरणाऱ्या माणसाने) पाहिलेला, ट्रायलला आलेला किंवा आपल्याविरुद्ध खेळताना नजरेत भरलेला, एवढेच खेळाडू घ्यायचे. पहिल्याच सीझनला एक लेफ्ट बॅक ट्रायलला आला, १९ वर्षांचा. २० पैकी पासिंग ६, टेक्निक ५, पण पेस (वेग) १४ आणि वर्क रेट (मेहनत) १५. या पायरीवर पेस १४ म्हणजे सोनं. नॉन-कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे पक्का करार न करता, घेतला. डिसेंबरपर्यंत आमचे निम्मे हल्ले त्याच्याच बाजूने होत होते. जानेवारीत लीग वनमधल्या (तिसरी पायरी) एका क्लबने त्याला फुकट उचलून नेला. करारच नव्हता, त्यामुळे दमडीही हाती आली नाही. त्या रात्री गेम सेव्ह केला आणि गप्प बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी पगाराच्या बजेटमध्ये ओढाताण करून दोन पोरांना पक्के पार्ट-टाइम करार दिले. आमच्या बोर्डाची अपेक्षा फक्त टेबलच्या मध्यावर राहण्याची होती, तरी त्या आठवड्याइतका विचार मी प्रीमियर लीगचा संघ चालवताना कधी केला नव्हता.

गोलकिक:

असहमत. घसरलेला क्लब सोपा असतो हा गैरसमज आहे. स्कन्थॉर्प २०११ पर्यंत चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर, होता. २०२२ मध्ये लीग टूमधून (चौथी पायरी) खाली आला, २०२३ मध्ये नॅशनल लीगमधूनही (पाचवी). म्हणजे लागोपाठ दोनदा घसरून तो इथे पोहोचला. तुमचं बोर्ड मधल्या जागेवर खूश आहे. स्कन्थॉर्पचं बोर्ड पहिला नंबर मागतं आणि २४ संघांतून थेट वर जातो एकच. दुसरे आलात तरी प्ले-ऑफ, म्हणजे वर जाण्यासाठीचे बाद सामने, खेळा. प्रत्यक्षातही तेच झालं. २०२३-२४ मध्ये स्कन्थॉर्प दुसरा आला आणि प्ले-ऑफमध्ये अडकला. सप्टेंबरात तीन सामने हरा, प्रेक्षक आणि बोर्ड दोघंही गळ्याशी येतात. कस लागतो तो तिथे.

आणि शोधायचं पान बंद करण्यात खरेपणा कसला? या पातळीवरचा मॅनेजर खऱ्या आयुष्यात दिवसभर फोनवरच असतो. ओळखीपाळखीने खेळाडू मिळवणं हेच त्याचं काम. ते पान म्हणजे त्याचा फोन समजा.

डावा विंगर:

दडपणाचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण त्याच सीझनचा तुमचाच दाखला घेऊ. पहिला कोण आला? टॅमवर्थ. आदल्या वर्षी सातव्या पायरीवरून वर आलेला, पार्ट-टाइम खेळाडूंचा क्लब. त्याच टॅमवर्थने १२ जानेवारी २०२५ ला एफए कपमध्ये टॉटनहॅमला आपल्या कृत्रिम गवताच्या मैदानावर ९० मिनिटं ०-० वर रोखलं. जादा वेळेत ०-३ हरले, पण त्या ९० मिनिटांसाठीच मी हा गेम खेळतो.

फोनचं पटत नाही. फोनवर कुणी अचूक आकडे सांगत नाही. कुणीतरी म्हणतं, "पोरगा पळतो चांगला, बघ एकदा." स्काउटच्या रिपोर्टमध्ये पेस ९ ते १४ असा अंदाज दिसतो, तेव्हा मला तेच वाक्य ऐकू येतं. शोधपानावर पेस १३ चा फिल्टर लावला की ती शंकाच उरत नाही.

पेठेतला:

मी साउथपोर्टच्या बाजूने. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार या तालमींचे सामने बघत वाढलोय. तिथे संघ कुणी सोयीने निवडत नाही, जन्मलो ती पेठ आपली. गेममध्येही एकदा नाव घेतलं की निभवायचं.

पण विंगर, तुम्ही टॅक्टिकबद्दल काहीच लिहिलं नाहीत. पार्ट-टाइम पोरांना आठवड्यात सराव मिळतो थोडका. गोलकीपरपासून छोटे पास देत खेळायला लावलंत तर फेब्रुवारीतल्या चिखलात हातानेच गोल द्याल. माझं ठरलेलं आहे: ४-४-२, उंच स्ट्रायकर, लांब थ्रो टाकणारा एक जण, आणि कॉर्नरला जवळच्या पोस्टवर सगळ्यात चांगली उडी मारणारा सेंटर बॅक. गेल्या सेव्हमध्ये माझ्या सेंटर बॅकने कॉर्नरवरून ११ गोल केले.

मडगावकर:

इंग्लंडच का? भारतातली लीग गेममध्ये आहे. गोव्यातला चर्चिल ब्रदर्स घ्या. २००८-०९ आणि २०१२-१३ मध्ये आय-लीग जिंकली तेव्हा ती देशातली अव्वल लीग होती, आज इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) खाली आहे. साउथपोर्टसाठी एवढा जीव तुटतो, मग फातोर्ड्याच्या स्टेडियमवर रडणाऱ्या माणसांसाठी का नाही?

गोलकिक:

मडगावकर, पटलं, पुढचा सेव्ह चर्चिलचाच.

विंगर, आता शेवटचा मुद्दा. खालच्या क्लबात दर उन्हाळ्यात १५ जण जातात, १५ फुकटचे येतात. मार्चमध्ये अकादमीची पोरं येतात त्यात कामाचा एखादा, तोही दर वर्षी नाही. तुम्ही जपता ते क्लबचं नाव. संघ दर वर्षी नवाच असतो. स्कन्थॉर्पकडे निदान अकादमी धरून ठेवण्याइतका पैसा येतो.

डावा विंगर:

हे खरं आहे आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पहिल्या संघातले आता चौघेच उरलेत. पण ते दोन पार्ट-टाइम करार आठवतात? त्यातला एक आज कॅप्टन आहे, चौथा सीझन चालू आहे, १४० सामने झाले. टेबलमध्ये आम्ही तिसरे आहोत, सहा सामने बाकी. शनिवारी चेस्टरच्या मैदानावर सामना आहे आणि गोलकीपर जायबंदी. बदली कीपर १७ वर्षांचा, यंदाच्याच मार्चमध्ये आमच्या अकादमीतून आलेला. पेठेतले, त्याच्यापुढे बचावाची फळी किती खोल ठेवू? आज रात्री ठरवायचंय.