मदत हवी आहे: पॉन्टिअॅक बॉनव्हिल स्पेशल (१९५४), १/२५ (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या आकाराचं) रेझिन मॉडेल किट – काच आणि तांबूस रंग

मोटोरामात, म्हणजे जनरल मोटर्सच्या (जीएम) फिरत्या कार प्रदर्शनात, जीएमने या मॉडेलच्या दोन गाड्या मांडल्या होत्या, एक तांबूस आणि एक हिरवी. मला तांबूस करायची आहे. छताच्या दोन्ही गलविंग (पक्ष्याच्या पंखांसारख्या वर उघडणाऱ्या) काचा उघड्या दाखवायच्या आहेत, पण किटमधली काच अखंड आहे, व्हॅक्युमने साच्यावर ओढलेल्या पातळ पारदर्शक प्लॅस्टिक शीटची. जादाच्या तुकड्यावर कापून पाहिलं तर शीट तडकते, आणि सुपरग्लू लावला की कडेने पांढुरकी झाक येते. शिवाय खऱ्या कारसाठीचा मेटॅलिक कॉपर स्प्रे ढगाढगांसारखा बसतोय. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) करडा आहे.

प्रतिसाद १
काच कापण्याआधी आतून प्लॅस्टिसिन (मॉडेलिंगची मऊ माती) गच्च भरा. आधार नसला की शीट पात्याखाली वाकते आणि तडकते. कोरं पातं घ्या, जाड टेपची कड धरून ८-१० वेळा हलकेच ओरखडा. आरपार कापायची घाई नको, शेवटी तुकडा अलगद सुटतो.
सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून पांढरी बसते, त्यामुळे पावसाळ्यात त्रास जास्त. काचेला पांढरा फेविकॉल पुरे, सुकल्यावर पारदर्शक होतो. अॅसिटोनने पुसू नका, काच कायमची जाईल.

प्रतिसाद २
कारच्या स्प्रेतले चमकीचे कण या स्केलला वाळूसारखे दिसतात. मॉडेलसाठीचा बारीक कणांचा लॅकर (झटपट सुकणारा रंग) घ्या, एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं छोटं पेन) मारा, दाब १५ पीएसआयच्या आसपास. ढग येतात ते ओल्या थरात कण वाहून एकत्र जमतात म्हणून. ३-४ विरळ थर द्या, शेवटचा २० सेंमीवरून जवळजवळ कोरडा. खाली चकचकीत काळा थर असला तर तांबं गडद पडतं. उबदार छटा हवी तर खाली फिकट तपकिरी द्या. मेटॅलिक थर घासू नका, घासायचं ते क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर). इनॅमल (हळू सुकणारा तेलकट रंग) वर लॅकर तर मुळीच नको, सुरकुततं.
आणि रंगाआधी व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) मोजा: खऱ्या गाडीचा १०० इंच, म्हणजे इथे १०१.६ मिमी. रेझिन आकसतं, मग चाकं कमानीच्या मधोमध बसत नाहीत. बॉडी आधी कोमट साबणपाण्याने धुवा, साच्याचं तेल राहिलं तर प्रायमरच सोलून निघतो.

धागाकर्ता
धन्यवाद. बॉनेटवरच्या चंदेरी पट्ट्यांची फॉइल (चिकटवायचा पातळ धातूचा पत्रा) क्लिअरच्या आधी लावायची की नंतर?

प्रतिसाद २
नंतर, क्लिअर पूर्ण कडक झाल्यावर. पातं फॉइलपुरतंच टेकवा, खालचा रंग कापला गेला तर ती रेघ लपत नाही.