संत्र्याची साल, पुदिना आणि ओव्याचे पाणी : उकळावे, भिजवावे की उन्हात ठेवावे?

प्रश्न : धरमपेठवासी

नमस्कार. आमच्या घरात चार माणसे असून चौघांच्याही पोटाची तक्रार निराळी आहे, तरी गेले दोन महिने मी सर्वांना एकच पाणी देत आले आहे. दीड लिटर पाण्यात मृग बहाराच्या संत्र्यांच्या साली, पुदिन्याची जुडी, आल्याचा तुकडा आणि चमचाभर ओवा घालून मी ते अर्धा तास खळखळ उकळते, गाळून काचेच्या बाटलीत भरते आणि ती बाटली दिवसभर ओट्यावरच असते. रविवारच्या सावजी जेवणानंतर यजमानांचे फुगलेले पोट या पाण्याने हलके होते; मला मात्र ते प्यायल्यावर छातीत जळजळ वाढल्यासारखी वाटते. मुलीला शौचास साफ होत नाही, तिच्यावर काहीच परिणाम दिसत नाही. सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि ते आता यात रोज ज्येष्ठमध घालण्याचा आग्रह धरून बसले आहेत. त्यातच शेजारच्या काकूंनी गॅस कशाला जाळता, बाटली गच्चीवर उन्हात ठेवा, असे सुचवले. नेमके काय करावे, आणि एकच पाणी चौघांना चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, औषधनिर्माणशास्त्र

ताई, अर्धा तास उकळताना स्वयंपाकघरभर जो सुवास दरवळतो, तोच तर आपल्याला प्यायचा असतो. ओव्यातील थायमॉल, बडीशेपेतील अ‍ॅनेथॉल आणि संत्र्याच्या सालीतील लिमोनीन ही सारी उडून जाणाऱ्या तेलांतील द्रव्ये आहेत. उघड्या पातेल्यात ती वाफेबरोबर निघून जातात आणि मागे कडवटपणा तेवढा उरतो. आयुर्वेदात काढा, फांट आणि हिम अशी तीन वेगळी नावे उगीच नाहीत. मुळ्या आणि झाडांच्या साली यांसारखी कठीण द्रव्ये उकळून काढा करतात, नाजूक व सुवासिक द्रव्यांवर गरम पाणी ओतून फांट करतात आणि काही द्रव्ये रात्रभर थंड पाण्यात भिजवून हिम करतात. आपली सामग्री बहुतांशी फांटाची आहे. अर्धा चमचा ओवा किंवा एक चमचा बडीशेप खलबत्त्यात जाडसर ठेचून घ्यावी, कारण तेल दाण्याच्या आत असते; त्यावर एक पेला उकळते पाणी ओतून लगेच झाकण ठेवावे आणि दहा मिनिटांनी गाळून घ्यावे. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबसुद्धा पेल्यातच पाडावेत.

संत्र्याच्या सालीचा फक्त केशरी पापुद्रा घ्यावा, आतला पांढरा भाग कडू असतो. सालीवर फवारणीचे अंश असू शकतात आणि धुतल्याने ते कमी होतात, पूर्ण जात नाहीत. म्हणून ओळखीच्या बागेतील फळ मिळत नसेल तर मी साल वापरतच नाही. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नयेत.

उन्हाचा प्रयोग मात्र कृपया करू नका. नागपूरचे ऊन पंचेचाळीस अंशांपुढे जात असले तरी उन्हात ठेवलेले पाणी जंतू मरण्याइतके तापत नाही; ते वाढण्यास सोयीचे असते तेवढेच कोमट होते. ओट्यावरच्या बाटलीलाही हेच लागू आहे. या दिवसांत पाणी लागेल तेवढेच करावे, आणि उरलेच तर निवल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावे.

उत्तर : आहारतज्ज्ञ, मनीषनगर

करण्याची रीत वरच्या उत्तरात आलीच आहे. मी माणसांविषयी लिहिते. पोट फुगणे आणि छातीत जळजळ होणे यांना आपण सरसकट ‘गॅस’ म्हणतो, पण एकाचा उपाय दुसऱ्याला त्रासदायक ठरू शकतो. यजमानांसाठी जेवणानंतर ओवा किंवा बडीशेप ठीक आहे. आपण मात्र आले, पुदिना आणि साल तिन्ही बंद करून पंधरा दिवस पाहावे. पेपरमिंटमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते. आपल्या बाजारातला पुदिना बहुतेक स्पिअरमिंट जातीचा असतो व त्यात मेंथॉल फारच थोडे असते, तरीही काहींची जळजळ त्यानेही वाढते. आल्याचेही प्रमाण वाढले की तोच अनुभव येतो. नुसत्या बडीशेपेचे सौम्य पाणी घेऊन पाहा, आणि रात्रीचे जेवण व झोप यांत किमान तीन तास ठेवा. तर्री पोटात असताना आडवे झाल्यावर कोणते पाणी काय करणार?

मुलीची अडचण वेगळी आहे. फळ भिजवलेल्या पाण्यात चव उतरते, चोथा फळातच राहतो, त्यामुळे बद्धकोष्ठासाठी संत्र्याची अख्खी फोड पाण्यापेक्षा उपयोगी आहे. पूर्ण फुगलेला सब्जा पाण्यात घालून दिल्यास विरघळणारे तंतू मिळतात; तो कोरडा कधीही खाऊ नये. दुकानदाराने सोनामुखी (जुलाब करणारी वनस्पती) सुचवली तर ती रोजच्या वापराची नाही, एवढे लक्षात ठेवा.

सासऱ्यांना ज्येष्ठमध देऊ नका. त्यातील ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. लघवीची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. ‘नैसर्गिक आहे’ एवढ्यावर त्यांचे समाधान होत असेल, तर ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांनाच त्यांच्यासमोर विचारावे.

उत्तर : महाल (नागपूर) भागातील आजी

इतके शास्त्र आम्हाला ठाऊक नव्हते, पण ओव्यावर झाकण ठेवायचे हे सासूबाईंनी पहिल्याच वर्षी शिकवले होते. आमच्याकडे चैत्र लागला की वाळ्याची जुडी स्वच्छ धुऊन माठात सोडतात, दोन-तीन दिवसांनी काढून वाळवतात आणि पुन्हा वापरतात. त्याने अपचन बरे होते असे मी म्हणणार नाही, पण पाणी गोड लागते म्हणून माणसे भरपूर पितात. जुडी किराण्यातून आणावी. कूलरच्या ताट्यांतला वाळा उपटून माठात घालणारे एक महाभाग आमच्या वाड्यात होते, म्हणून सांगते.

धरमपेठवासी :

सर्वांचे मनापासून आभार. मोठे पातेले आता बंद केले आहे. यजमानांना झाकलेल्या ओव्याचे पाणी फारच तिखट वाटले, म्हणून ओवा पाव चमच्यावर आणला. माझी जळजळ आठ दिवसांत बरीच कमी झाली. सासरे ज्येष्ठमध सोडायला तयार झाले, पण त्याच्या बदल्यात रोज बेलाचे सरबत मागत आहेत. ते चालेल का?

आहारतज्ज्ञ, मनीषनगर :

पिकलेल्या बेलाचे चालेल, मात्र साखर नाममात्र घालावी, आणि मधुमेह असल्यास आधी विचारून घ्यावे. गर घट्ट असतो, म्हणून सरबत आणि गोळ्या एकाच वेळी न देता मध्ये तास-दोन तासांचे अंतर ठेवा. आपली जळजळ पुन्हा वाढली, घास अडकू लागला, वजन विनाकारण घटले किंवा शौचाचा रंग डांबरासारखा काळा दिसला, तर पाण्याचे प्रयोग तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जा.