कृष्णवर्णीय बॅले नर्तकांना नेमके कोणी अडवले?

प्रश्न : अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय बॅले नर्तकांना संधी नाकारली जाण्याचे कारण कायदा होता, की बॅले मंडळींची रूढी?

प्रतिसाद १ : दोन्ही. जॅनेट कॉलिन्स किशोरवयात बॅले रूस द माँटे कार्लो या नामांकित बॅले मंडळीच्या निवडचाचणीला गेल्या, तेव्हा चेहरा पांढरा रंगवण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश देऊ केला गेला आणि त्यांनी तो साफ नाकारला. येथे कायद्याचा संबंध नव्हता. पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रमुख नर्तकी झाल्यावरही अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांच्या दौऱ्यांत, तेथील वर्णभेदी कायद्यांमुळे, त्यांच्या जागी दुसरी नर्तकी उभी राही.

प्रतिसाद २ : रेव्हन विल्किन्सन यांचे उदाहरण मला अधिक बोचते. त्या 1955 मध्ये त्याच बॅले रूसमध्ये दाखल झाल्या. वर्ण उजळ असल्याने त्या गोऱ्या म्हणून खपून गेल्या, असे म्हणणे कटू असले तरी खरे आहे. दक्षिणेतल्या अटलांटा शहरातील हॉटेलने त्यांना राहू दिले नाही, आणि माँटगमेरीत तर कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयद्वेष्ट्या संघटनेची माणसे थेट रंगमंचावर चढली. अखेर अमेरिकेत दारे बंद झाल्याने त्यांनी नेदरलँड्स गाठले.

प्रतिसाद ३ : कृष्णवर्णीय नर्तक आर्थर मिचेल यांनी 1969 मध्ये न्यूयॉर्कमध्ये डान्स थिएटर ऑफ हार्लेम या बॅले मंडळीची स्थापना केली, हेही नोंदवावे. तेथील नर्तिका बॅलेतील रूढ गुलाबी मोजे न घालता आपल्या त्वचेशी जुळणारे मोजे घालू लागल्या आणि बुटांनाही तोच रंग देऊ लागल्या. लंडनच्या फ्रीड कंपनीने तपकिरी पॉइंट बूट (पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचण्याचे बूट) बाजारात आणले ते मात्र 2018 मध्ये!