नागपुरात इलेक्ट्रिशियनची कमाई : कारखान्यातील नोकरी की घरांची कामे?

प्रश्न (मानेवाडा)

माझ्या धाकट्या भावाने श्रद्धानंदपेठेतील शासकीय आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून वर्षभरापासून तो बुटीबोरीच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करतो. कपात होऊन हातात दरमहा १३,५०० रुपये पडतात. त्याच्याच तुकडीतील मित्र बेसा-मनीषनगर भागात घरांची वायरिंग करतो आणि महिन्याला तीस हजार सुटतात असे सांगतो. शिक्षण एकच असताना एवढा फरक कशामुळे पडतो, आणि भावाने नोकरी सोडावी का? घर त्याच्याच पगारावर चालते, म्हणून जाणत्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर (जुना वायरमन, इतवारी)

ताई, मी बावीस वर्षांपासून हे काम करतो. मित्राचे तीस हजार खोटे नसतील, पण ते कोणत्या महिन्यातले, हे आधी विचारावे. मार्च ते जून कूलरच्या मोटारी, पंप आणि एसीसाठी स्वतंत्र लाइन अशी कामे इतकी येतात की जेवायला सवड मिळत नाही. पाऊस लागला की बांधकामे मंदावतात आणि पितृपक्षात नव्या घराचे काम सहसा कोणी काढत नाही. मी वर्षभराच्या जमेतून पेट्रोल, मदतनिसाची रोजी, हत्यारांची दुरुस्ती आणि बुडालेली बिले वजा करून उरलेल्याला बाराने भागतो. गेल्या वर्षी तो आकडा बावीस हजारांच्या आसपास आला. बुडालेली बिले मी मुद्दाम मोजतो, कारण पॉइंटच्या दराने (दिवा, पंखा, सॉकेट अशा प्रत्येक जागेमागे ठरलेल्या) घेतलेल्या कामात भिंतीत झिरी मारून पाइप टाकेपर्यंत पैसे मिळत राहतात, फिटिंगनंतरचा शेवटचा हप्ता मात्र महिनोन्महिने अडकतो.

खरा फरक परवान्याने पडतो. विद्युत सुरक्षा नियमांनुसार, किरकोळ बदल वगळता, वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचे असते; महावितरणची नवी जोडणी घेतानाही अशा ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. ज्याच्याकडे कागद नाही, तो कितीही हुशार असला तरी दुसऱ्याच्या सहीखाली राबतो आणि सहीचा वाटा त्या दुसऱ्याला जातो. मी परवाना नऊ वर्षे उशिरा काढला, त्याची हळहळ आजही वाटते.

उत्तर (देखभाल विभाग, हिंगणा एमआयडीसी)

परवान्याबाबत सहमत आहे, परंतु नोकरीला केवळ हातात पडणाऱ्या रकमेवरून जोखू नये. भविष्य निर्वाह निधीत कामगाराचे १२ टक्के कापले जातात तेवढीच रक्कम मालकालाही भरावी लागते, आणि २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा मिळतो. शिडीवरून पडून महिनाभर घरी बसावे लागले, तर हा आधार किती मोठा आहे ते कळते.

मात्र वेतनपावतीवर भावाची नोंद कुशल आहे की अर्धकुशल, हे आजच पाहावे, कारण किमान वेतन त्यावरच ठरते आणि आयटीआय झालेल्या मुलांना हेल्पर दाखवणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. जादा वेळेचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. बारा तासांची पाळी एकेरी दराने भरून घेतली जात असेल, तर तो त्याचा बुडालेला पगारच आहे. शिवाय पॅनेलचे रेखाचित्र वाचणे, व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) आणि पीएलसी (यंत्रे आपोआप चालवणारा छोटा संगणक) यांतील दोष शोधणे त्याने आत्ताच शिकावे. आमच्याकडे बंद पडलेली उत्पादनाची लाइन तासाभरात सुरू करून देणारा माणूस केबल ओढणाऱ्याच्या दुप्पट पगार घेतो.

उत्तर (कोराडी मार्ग)

महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीवरही लक्ष असू द्यावे. २०२३ च्या जाहिरातीत तीन वर्षांसाठी अनुक्रमे १५, १६ आणि १७ हजार रुपये मानधन होते, म्हणजे सुरुवात मोठी नाही. त्यानंतर मात्र तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी मिळू शकते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पावती काढून पाहिली. तिच्यावर ‘अर्धकुशल’ लिहिले आहे. भाऊ सोमवारी आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन ठेकेदाराला भेटणार आहे. इतवारीच्या दादांनी परवान्याच्या अर्जाला कोणती कागदपत्रे लागतात तेवढे कळवावे.