टॅबलेटवर ऑफलाइन नकाशा दिसतो, मग गाडी का दिसत नाही?

प्रश्नकर्ता: भोरहून वरंध घाटाने महाडला जाताना मोबाइलची रेंज गेली आणि घरून नकाशा उतरवून घेतलेला असूनही माझ्या वाय-फाय आयपॅडवरचा निळा ठिपका नीरा-देवघर धरणाच्या काठीच खिळून राहिला. असे का व्हावे?

घाटकरी: नकाशा आणि ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपग्रहांचे संकेत पकडण्यासाठी इंटरनेट लागत नाही. जीपीएस रिसीव्हर मात्र लागतो, आणि तो केवळ वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये नसतो. सिमकार्डाच्या मॉडेलमध्ये तो असतो, मग सिम घाला अथवा घालू नका. नवा टॅबलेट घेण्याची घाई करू नये. आयपॅडशी जुळणारा ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर जोडूनही काम भागते.

मागची सीट: मी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आधारलेले ऑर्गॅनिक मॅप्स हे ऑफलाइन नकाशाचे ॲप वापरतो. घाट दरडीमुळे बंद असला, तरी ऑफलाइन नकाशा बिनदिक्कत तिकडेच नेतो, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. शिवाय आयपॅड 35 अंशांपर्यंतच्या तापमानात वापरण्यासाठी बनवलेला असल्याने तो डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नये. एसीच्या झोतासमोर लावावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सेटिंग्जमध्ये पाहिले, सिमचा पर्यायच नाही. रिसीव्हर मागवतो.